आजारपणाच्या आधीचे आबा : दीर्घ दुखण्यानंतर गेलेल्या माणसाच्या आठवणी कशा जमवाव्यात

माझे वडील यावल तालुक्यातले केळीबागायतदार होते. सारे गाव त्यांना आबा म्हणे. आयुष्याची शेवटची सहा वर्षे त्यांनी डायलिसिसवर काढली. ते गेल्यानंतर पंधराएक दिवसांनी माझ्या भावाच्या मुलीने मला विचारले, की आबांना कधी धावता येत होते का. तिने पाहिलेले आबा डाव्या हातावर पट्टी बांधलेले, पाणी मोजून पिणारे आणि आठवड्यातून तीनदा भल्या सकाळी गाडीत बसून जळगावला जाणारे होते. तिचा प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर द्यायला मलाच बराच वेळ लागला. पाणी सुटल्याची हाक आली की बांधावरून धावत जाणारे आबा मी लहानपणी रोज पाहिले होते, तरी डोळ्यांपुढे पहिल्यांदा आली ती रुग्णालयातली खुर्ची.

दीर्घ आजाराने गेलेल्या माणसाच्या घरात हे बहुतेकांच्या वाट्याला येते. शेवटची काही वर्षे त्याआधीच्या साठ-सत्तर वर्षांवर पसरतात आणि माणूस आठवू गेले की दुखणेच आठवते. काळ गेला की हे आपोआप सुटेल असे मला वाटत होते. तसे झाले नाही. आजाराच्या आधीचा माणूस पुन्हा मिळवायचा असेल, तर त्यासाठी बसून, ठरवून, वही-पेन घेऊन काम करावे लागते, आणि ते पहिल्या वर्षातच करावे लागते, कारण त्या माणसाला तरुणपणी पाहिलेली माणसेही आता वयस्कर असतात. आम्ही ते कसे केले, त्यात काय चुकले आणि काय साधले, ते इथे लिहीत आहे.

दुखणे आधी लिहून काढावे

पुष्कळ जण सांगतात की आजारपण विसरा आणि चांगले तेवढे आठवा. माझा अनुभव याच्या उलट आहे. जे लिहून काढले नाही, ते प्रत्येक आठवणीच्या आड येत राहते. म्हणून पहिल्या महिन्यात एक वेगळी वही घ्यावी आणि तीत फक्त आजारपण लिहावे: निदान कधी झाले, कोण कोण सोबत गेले, कोणत्या रात्री भीती वाटली, शेवटच्या आठवड्यात काय घडले. यात आपल्या मनाला टोचणाऱ्या गोष्टीही लिहाव्यात. आबा गेले तेव्हा दुःखाच्या आधी मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले आणि त्या क्षणाची मला कित्येक दिवस लाज वाटत होती. वर्षानुवर्षे सेवा केलेल्या घरांत हे घडतेच, त्यात प्रेम कमी असल्याचा काही संबंध नसतो, हे मला माझ्या मावशीने सांगितले. तिनेही अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे काही केले होते. ते ऐकल्यावर मी ते लिहू शकले.

या वहीत सेवा करणाऱ्यांचे काम नीट नोंदवावे, कारण ते एरवी कुठेही नोंदले जात नाही. आमच्या मायने सहा वर्षे आबांचे पाणी मोजले. मूत्रपिंडे काम करीत नसली की प्यालेले पाणी अंगात साठते, म्हणून डॉक्टर दिवसाचे माप ठरवून देतात. माय सकाळी ते माप एका तांब्यात भरून ठेवी, त्यातलेच पाणी चहाला, त्यातलेच गोळ्यांना वापरी, आणि आबांना तहान कमी लागावी म्हणून स्वतःही त्यांच्यासमोर पाणी पीत नसे. हे मला ती गोष्ट लिहायला बसल्यावर कळले. माय स्वतःहून कधीही बोलली नव्हती.

दुखण्यातलेही सारेच दुःखाचे नसते, तेही लिहावे. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून जो फिश्चुला करतात, त्यात रक्त जोराने वाहत असल्यामुळे तिथे हात ठेवला तर थरथर जाणवते आणि कान लावला तर घरघर ऐकू येते. भाची लहान असताना आबांच्या हाताला कान लावून झोपे. तिच्यासाठी तो आबांचा आवाज होता, आणि आबाही हात न हलवता तासन्‌तास बसून राहत.

वही पूर्ण झाली की रुग्णालयाच्या फायलीसोबत एका पिशवीत बांधून कपाटात वरच्या फळीवर ठेवावी. फायली लगेच जाळू किंवा रद्दीत देऊ नयेत. विम्यासाठी आणि काही आजार घराण्यात पुढे चालत असल्यामुळे मुलानातवंडांच्या तपासण्यांसाठी त्या लागू शकतात. पण त्या रोजच्या नजरेसमोर, औषधांच्या डब्यासह खाटेशेजारी राहू देऊ नयेत.

भेटायला येणाऱ्यांना काय विचारावे

दुखवट्याचे दिवस आठवणी मिळण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या अंगात काही करण्याचे त्राण नसते. म्हणून हे काम घरातल्या एखाद्या पुतण्यावर, जावयावर किंवा मोठ्या नातीवर सोपवावे. आमच्याकडे दशक्रियेपर्यंत ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती आणि रावेर, सावदा, फैजपूर, चोपडा, अगदी बऱ्हाणपुराकडूनही माणसे येत होती. त्यांतल्या प्रत्येकाकडे आबांचा एकेक तुकडा होता. आम्ही पहिले सहा दिवस नुसते ऐकत राहिलो आणि सातव्या दिवशी चुलत भावाने वही काढली. ते सहा दिवस परत मिळाले नाहीत.

प्रश्न कसा विचारावा, यावर सगळे अवलंबून असते. ‘आबा कसे होते?’ असे विचारले की समोरचा ‘देवमाणूस होते’ म्हणतो आणि गप्प बसतो. यात त्याचा दोष नाही, प्रश्नच तेवढा आहे. त्याऐवजी पहिली भेट कुठे झाली, एकत्र कोणता प्रवास केला, आबा कधी रागावले, कधी उधार दिले किंवा घेतले, कोणत्या गोष्टीवरून दोघांचे बिनसले आणि मग बोलणे कसे सुरू झाले, असे विचारावे. हातांची कामे विचारावीत: बैलाची वेसण कशी बांधत, सायकल कशी चालवत, पंगतीत काय वाढायला उभे राहत. अशा प्रश्नांना माणसे उत्तर देताना स्वतःच हात हलवू लागतात आणि मग एकातून दुसरे निघत जाते.

जुन्या माणसांना सन आठवत नाहीत, घटना आठवतात. त्यामुळे ‘कोणत्या वर्षी’ असे न विचारता १९७२ च्या दुष्काळाच्या आधी की नंतर, इंदिरा गांधी गेल्या तेव्हा कोण कुठे होते, मळ्यात ठिबक आले तेव्हा कोणता मुलगा शाळेत होता, असे विचारावे. सन आपल्याला नंतर जुळवता येतात.

नातेवाइकांपुरते थांबू नये. घरातल्यांनी वडील घरात पाहिलेले असतात. बाहेरचे वडील सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी), न्हावी, केळीच्या गाड्या भरणारे मजूर, दुकानदार आणि शाळासोबती यांच्याकडे असतात. सावदा स्थानकावर केळीच्या वॅगन भरल्या जात तेव्हा आबांसोबत काम केलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले, की दिल्लीला माल चढवताना आबा घडांच्या मध्ये केळीचीच पाने इतक्या निगुतीने लावीत, की बाकीचे चिडत. आमच्या जुन्या सालदाराने त्याहून मोठी गोष्ट सांगितली. रात्री दार लावण्याआधी आबा ओट्यावरच्या चपला मोजत. जोड कमी भरला तर कोण आले नाही ते पाहायला बॅटरी घेऊन निघत. मी त्या घरात वीस वर्षे राहिले, पण दार लावले जाई तेव्हा मी झोपलेली असे, त्यामुळे मला हे ठाऊकच नव्हते.

बोली आहे तशी लिहावी

सांगणारा ज्या बोलीत बोलेल त्याच बोलीत शब्द उतरवावेत. आमच्याकडे लेवा गणबोली आणि तावडी, धुळ्याकडे अहिराणी, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी अशी खान्देशात बोलींची मोठी श्रीमंती आहे, आणि लिहायला बसलो की आपण ती सगळी पुसून पुस्तकी मराठी करतो. विजेची पाळी रात्रीची असताना शेजारच्याचे पीक वाळत होते, तेव्हा आबा त्याला म्हणाले होते, “पहिले तुह्या वावराले पानी लाव, मंग माह्या.” हे वाक्य ‘आधी तुमच्या शेताला पाणी द्या’ असे लिहिले तर आबा त्यातून निघून जातात.

या बाबतीत आपल्याच मातीतला दाखला डोळ्यांपुढे ठेवावा. असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावला नांदलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या तोंडून निघालेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी त्यांच्याच बोलीत टिपून ठेवल्या, म्हणून १९५१ साली त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी त्या छापल्या गेल्या आणि साऱ्या महाराष्ट्राला मिळाल्या. आपल्या घरातला माणूस कवी नसेल, पण त्याचे बोलणे टिपायला लागणारे काम तेवढेच आहे.

बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करणे सर्वांत सोपे. खोलीतला पंखा बंद करावा, फोन विमानाच्या चिन्हावर टाकावा म्हणजे मध्येच कॉल येणार नाही, आणि तो बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवावा. सुरुवातीला आपणच तारीख, बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि नाते मोठ्याने सांगावे. वयस्कर माणूस अर्ध्या-पाऊण तासात थकतो, तेव्हा तिथे थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. मुद्रण करीत आहोत हे मात्र आधी सांगावे. लपवून केलेले मुद्रण, हेतू कितीही चांगला असला तरी, माणसाचा विश्वास मोडते.

वह्या, पावत्या, फोटो आणि आवाज

हिशेबाच्या वह्या फेकू नयेत. शेतकऱ्याच्या वहीत प्रेमाचे शब्द नसतात, पण आकड्यांमध्ये सगळे असते. आबांच्या एका वहीत मृगबागेच्या (मृगात लावलेल्या केळीच्या) खताचा खर्च, केळीच्या पिलांची म्हणजे फुटव्यांची लागवड, घडांची वजने यांच्या मध्येच ‘ताईची फी’ अशी ओळ आहे आणि त्याच पानावर खाली कोणाकडून तरी उसने घेतल्याची नोंद आहे. दोन्ही रकमा सारख्या आहेत. माझी फी कशी भरली गेली होती, ते मला त्या दिवशी समजले. अशा वह्या वाचताना घाई करू नये, एका बैठकीत एकच वर्ष वाचावे आणि जे उलगडेल ते वेगळ्या कागदावर लिहावे. मूळ वहीवर काही लिहू नये.

फोटोंबाबत आम्ही एक चूक केली, ती सांगते. आबा गेले त्या रात्री कोणाच्या तरी फोनमध्ये जो सापडला तो शेवटच्या महिन्यातला फोटो आम्ही छापायला पाठवला. निधनाच्या बातमीत, बॅनरवर आणि हार घातलेल्या तसबिरीतही तोच सुजलेला, थकलेला चेहरा राहिला. घरात कोणी दीर्घकाळ आजारी असेल, तर त्या माणसाचा त्याला स्वतःला आवडणारा एक चांगला फोटो आधीच काढून ठेवण्यात काहीही अशुभ नाही. आम्ही वर्षश्राद्धाला तसबीर बदलली. आता भिंतीवर आबा केळीच्या बागेत निसवलेल्या झाडाखाली उभे आहेत, डोळे उन्हाने बारीक झालेले.

जुने फोटो अल्बममधून ओरबाडून काढू नयेत. तसबिरीच्या काचेला चिकटलेला फोटो तर मुळीच सोलू नये, काचेसकटच त्याचा फोटो घ्यावा. घरी फोनने नक्कल करायची असेल तर सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन फोटोला समांतर धरून करावी. स्कॅन करून घ्यायचे असेल तर लहान फोटोंसाठी इंचाला ६०० बिंदू इतका दर्जा मागावा, म्हणजे पुढे मोठे करता येतात. फोटोच्या मागे नावे लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत; बॉलपेनचे ओरखडे पुढच्या बाजूला उमटतात. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा काढता येत नाही. नावे लिहिताना सुनांची माहेरची गावेही लिहावीत, कारण पुढच्या पिढीला ती कोणीच सांगू शकत नाही.

आवाजाची घाई सर्वांत जास्त करावी. गेलेल्या माणसाच्या फोनचे रिचार्ज थांबले की क्रमांक काही महिन्यांत बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅपचे खातेही साधारण १२० दिवस वापर झाला नाही तर काढून टाकले जाते. म्हणून वर्षभर तो क्रमांक चालू ठेवावा आणि दरम्यान त्यांनी पाठवलेले आवाजी निरोप सगळ्या नातेवाइकांकडून मागवून एकत्र करावेत. आबांचे निरोप कामाचेच होते: गाडी किती वाजता निघेल, मोटार बंद कर, कुठी गेली वो ताई, फोन उचल. आज घरात सर्वांत जास्त ऐकले जातात ते हेच. या साऱ्याच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावच्या घरी ठेवावी.

दिवस आणि ताट

मासिक, वर्षश्राद्ध, भाद्रपदातला पितृपक्ष यांचे विधी ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने होतात, त्याबद्दल मी सांगायला नको. खान्देशात मात्र गेलेल्या माणसाची खरी भेट आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होते. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते, तिच्यावर आंबे आणि डांगर (खरबूज) ठेवतात, आणि निखाऱ्यावर आगारी टाकून घास देतात. त्याच सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी जाणाऱ्या लेकीला हे दोन्ही एकाच दिवशी सोसावे लागते. तिला त्या दिवशी एकटीला स्वयंपाकघरात राबवू नये. घागर भरताना तिला जवळ उभे करावे.

आमच्याकडे घागर भरताना माय थांबली. आबांना सहा वर्षे मापून दिलेले पाणी तिच्या हातून पहिल्यांदाच काठोकाठ भरले जात होते. कोणीही काही बोलले नाही आणि तिने घागर पूर्ण भरली.

ताटाचा विचारही नीट करावा. आजारपणात जे पदार्थ बंद झाले होते, ते आठवणीतूनही बंद होऊन जातात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला रक्तातले पोटॅशियम वाढू नये म्हणून केळी, आंबा, शहाळे यांसारख्या गोष्टी वर्ज्य करतात. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर केळी पिकवली, त्याला शेवटची सहा वर्षे केळ खाता आले नाही. मिठाचा, खारवलेल्या पदार्थांचा मोहही सोडावा लागला. सेवा करणाऱ्यांच्या मनात हे ‘नाही’ म्हणणे काट्यासारखे राहते. म्हणून त्या माणसाच्या आजाराआधीच्या आवडी लिहून काढाव्यात आणि वर्षातून काही वेळा त्या घरात मोकळेपणाने रांधाव्यात. आम्ही हिवाळ्यात बामणोदची वांगी आणून मळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतो, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात ठेचतो, आणि आबा घालीत तशी कांद्याची पात व शेंगदाणे घालून भरीत करतो. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी असते. मुले भाजायला बसली की कोणीतरी विचारते, आबा वांगे कसे पारखत, आणि मग भाऊ सांगू लागतो.

पुस्तिका छापायची असेल तर

वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका छापण्याची पद्धत आता बऱ्याच घरांत दिसते आणि ती चांगली आहे, फक्त तीत माणूस सापडला पाहिजे. ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ हे शब्द प्रत्येक बातमीत असतात, म्हणून ते सगळे खोडून त्यांच्या जागी एकेक घडलेली गोष्ट लिहावी. जन्म, शिक्षण, लग्न, शेती यांची माहिती एका पानात संपवावी. आजाराला एक पान द्यावे, त्यात सेवा करणाऱ्यांची नावे यावीत. बाकीची सारी पाने लोकांनी सांगितलेल्या गोष्टींना द्यावीत. राग, हट्ट, चुकाही लिहाव्यात. आबा तापट होते आणि ते वगळले असते तर ओट्यावर बसणाऱ्यांपैकी कोणीही त्यांना ओळखले नसते. मात्र बांधावरचे वाद आणि वाटण्यांचे विषय छापू नयेत, आणि जिवंत माणसाबद्दल काही असेल तर त्याला आधी वाचून दाखवावे.

मधोमध पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते, हे लिहिण्याआधीच ध्यानात ठेवावे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून दिला आणि छापखान्यात तो जुन्या फाँटमध्ये बदलला गेला, तर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ बिघडतात. म्हणून शेवटचे प्रूफ कागदावर मागवावे आणि ते घरातल्या दोघांनी वाचावे, त्यांतला एक जण जुना असावा. आमच्या पुस्तिकेत आत्याबाईंच्या सासरचे गाव चुकले होते, ते तिनेच पकडले.

शेवटी काही पाने कोरी सोडावीत. आमच्या घरची प्रत आखाजीला ओट्यावर ठेवलेली असते आणि येणारा कोणीही तीत लिहितो. आखाजीला सालदाराचे साल ठरते, त्या निमित्ताने आमचे जुने सालदारही येऊन बसतात. त्यांना लिहिता येत नाही. या वर्षी त्यांनी सांगितले आणि भाचीने लिहून घेतले: एकदा रात्री बाराला पाणी सुटले, पाट फुटला, आणि आबा अनवाणी शिवारभर धावत गेले. तिने ‘धावत’ या शब्दाखाली रेघ ओढली आहे.